डावीकडून केलॉगी, उजवीकडून कुडा : समुद्रघोड्याच्या एका प्रतिकृतीचे परीक्षण

गेल्या जूनमध्ये, महाविद्यालय सुरू होण्याच्या आठवड्यात, आमच्या प्राणिशास्त्र विभागासाठी समुद्रघोड्याची एक रेझिनची प्रतिकृती विकत घेतली. कोल्हापुरातल्याच एका शास्त्रीय साहित्याच्या दुकानातून ती मागवली होती आणि करांसह तिचे ४,२०० रुपये पडले. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘मोठा समुद्रघोडा, हिप्पोकॅम्पस केलॉगी, नर, प्रत्यक्ष आकार’ अशी ओळ छापलेली होती. पहिले सत्र संपेपर्यंत मी तिच्यावर सहा प्रात्यक्षिके घेतली, दोरा आणि व्हर्नियर लावून तिचे प्रत्येक माप काढले आणि त्या मापांवरून बी.एस्सी.च्या मुलांशी भरपूर हुज्जत घातली. त्या अनुभवावरून सांगायचे तर वरच्या ओळीतला ‘नर’ हा शब्द पूर्ण खरा आहे, ‘केलॉगी’ अर्धा खरा आहे आणि ‘प्रत्यक्ष आकार’ हे साफ चूक आहे. तरीही प्रतिकृती परत केली नाही. त्याची कारणे ओघात येतील. दुकानाचे आणि उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या हाती आलेल्या एका नगावरून कोणाच्या सगळ्या मालाला नावे ठेवणे योग्य नाही.

खरा नमुना सोडून प्रतिकृती का घ्यावी लागते, हे आधी सांगितले पाहिजे. समुद्रघोडे आणि त्यांचे नातलग असलेले नळीमासे या साऱ्या कुळाचा २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. तेव्हापासून ते पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, नियंत्रण २००४ पासून आहे. असे असूनही वाळवलेल्या समुद्रघोड्यांना पूर्व आशियातल्या पारंपरिक औषधांच्या बाजारात मागणी टिकून आहे आणि तिथे मोठ्या, फिकट व गुळगुळीत अंगाच्या प्राण्याला चांगला भाव येतो. केलॉगीच्या दुर्दैवाने हे तिन्ही गुण तिच्यात आहेत. मी मागणी नोंदवत असताना काउंटरवरच्या मुलाने आवाज खाली आणून विचारले, “सर, ओरिजिनल वाळलेला पाहिजे असला तर सांगा की, बघतो कुठं मिळतोय का.” मी त्याला कायदा समजावून सांगितला, तेव्हा “मला काय ठाऊक न्हाई बघा, लोकं इचारत्यात म्हणून म्हटलं,” असे म्हणून तो मोकळा झाला. दुकानाच्या सेवेबद्दल पुढे चार बऱ्या गोष्टी लिहिणार आहे, पण हा प्रश्न मला अजूनही खटकतो.

आमच्या विभागात कायद्याच्या कितीतरी आधीचा एक नमुना आहे. नोंदवहीत त्याची नोंद १९७६ सालची असून तो फॉर्मॅलिनने भरलेल्या उंच, गोल बरणीत ठेवलेला आहे. बरणीवरच्या चिठ्ठीवर कोणीतरी निळ्या शाईने ‘मोठा समुद्रघोडा’ असे लिहून ठेवले होते. ते वाचून शिक्षकांच्या दोन-तीन पिढ्यांनी तसेच सांगितले, आणि विद्यार्थी असताना मीही ते वहीत तसेच उतरवले. नवी प्रतिकृती शेजारी ठेवून पाहावी म्हणून बरणी कपाटातून काढली, झाकण उघडून वरून आत पाहिले, तर काचेतून गुबगुबीत दिसणारा प्राणी प्रत्यक्षात बराच सडपातळ निघाला. द्रवाने भरलेली गोल बरणी आडव्या दिशेने भिंगाचे काम करते. मधोमध ठेवलेली वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने रुंद दिसते, उंची मात्र आहे तेवढीच राहते. म्हणजे मोठेपणाचा निम्मा भाग काचेचा होता. चिमट्याने नमुना बाहेर काढून दोऱ्याने मोजला तेव्हा उंची साडेचौदा सेंटिमीटर भरली, शेपटीवरच्या हाडांच्या कड्या ३६ आल्या, डोक्यावरचा मुकुट बुटका, गोलसर आणि माथ्यावर वाटीसारखा खोलगट होता. या तिन्ही खुणा हिप्पोकॅम्पस कुडा या, आपल्या समुद्रात बऱ्यापैकी आढळणाऱ्या जातीच्या आहेत. मराठी माणसाला कुडा म्हटले की पोटाच्या औषधाचे झाड आठवते, पण जातीचे हे नाव मलय भाषेतले असून त्या भाषेत कुडा म्हणजे घोडाच.

जवळजवळ पन्नास वर्षे आकारावर भरवसा ठेवून चुकीचे नाव शिकवले गेले होते, त्यामुळे नव्या वस्तूकडे मी काहीशा संशयानेच पाहिले हे कबूल करतो.

पहिला प्रश्न अर्थातच उंचीचा होता. समुद्रघोडा मोजायची पद्धत ठरलेली आहे: मुकुटाच्या टोकापासून सरळ केलेल्या शेपटीच्या टोकापर्यंत जे अंतर भरते ती त्याची उंची. जिवंत किंवा जतन केलेल्या प्राण्याची शेपटी गुंडाळलेली असते, म्हणून तिच्या वळणावरून दोरा फिरवून लांबी घेतात आणि ती वरच्या मापात मिळवतात. केलॉगीची नोंदलेली कमाल उंची २८ सेंटिमीटर आहे. प्रतिकृतीची उंचीही २८ सेंटिमीटरच भरते, पण ती मुकुटापासून गुंडाळलेल्या शेपटीच्या तळापर्यंत! कलाकाराने पुस्तकातला आकडा वाचला आणि प्राणी जसा टेबलावर उभा राहील तसा तो मोजला. मी शेपटीच्या दीड वेढ्यावरून दोरा फिरवला तेव्हा एकूण उंची ३७ सेंटिमीटर झाली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवर राहणारा, मोठ्या पोटामुळे ओळखला जाणारा हिप्पोकॅम्पस अॅब्डोमिनॅलिस हा समुद्रघोड्यांतला दांडगा गडी, त्याचीही कमाल ३५ सेंटिमीटरच्या आसपास थांबते. म्हणजे आमच्या टेबलावरचा प्राणी खरा असता तर जगातल्या साऱ्या समुद्रघोड्यांत सर्वांत मोठा ठरला असता. प्रत्यक्षात ही प्रतिकृती सव्वापटीहून थोडी जास्त मोठी केलेली आहे. शिकवण्याच्या दृष्टीने त्यात तोटा नाही, उलट मागच्या बाकावरच्या मुलांना कड्या नीट दिसतात. पण मग खोक्यावर तसे छापायला हवे होते.

‘मोठा समुद्रघोडा’ हे नावच मुळात घोटाळ्याचे आहे. केलॉगीचे इंग्रजी बोलीतले नाव ‘ग्रेट सीहॉर्स’, त्यावरून हे मराठी नाव आलेले असावे. डेव्हिड स्टार जॉर्डन आणि जॉन ऑटरबीन स्नायडर या दोघांनी जपानच्या माशांचा अभ्यास करताना १९०१ साली या जातीचे वर्णन केले. पूर्व आफ्रिकेपासून जपानपर्यंतच्या पाण्यात ती सापडते आणि भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर तिच्या नोंदी आहेत. पण जात मोठी म्हणजे तिचा प्रत्येक प्राणी मोठा असे होत नाही. केलॉगीचे अर्धवट वाढलेले पिल्लू पूर्ण वाढलेल्या कुड्यापेक्षा लहान असते. शिवाय पिलांचे अंग बारीक आणि काटे अधिक ठळक असल्यामुळे ओळख आणखी कठीण होते. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यात अरियापल्लीच्या किनाऱ्यावर जाळ्यात अडकलेल्या केलॉगीची जी नोंद २०२२ साली प्रसिद्ध झाली, ती अशाच एका पिलाची होती. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ही जात नेहमी आढळते. तिथून सुमारे १,३०० किलोमीटर उत्तरेला ती मिळाल्यामुळे त्या नोंदीची बातमी झाली. नुसत्या आकारावर विसंबले असते तर ते पिल्लू कोणीही कुडा म्हणून सोडून दिले असते.

आकार बाजूला ठेवल्यावर हाती राहतात त्या कड्या. समुद्रघोड्याला खवले नसतात. पातळ कातडीखाली हाडांच्या तकट्या एकमेकींना जोडून त्यांच्या कड्या बनलेल्या असतात आणि त्या बाहेरून स्पष्ट मोजता येतात. प्राणी वाढला तरी कड्यांची संख्या वाढत नाही, म्हणून ओळखीसाठी त्यांचे मोल फार आहे. केलॉगीच्या धडावर ११ कड्या असतात आणि शेपटीवर ३९ ते ४१, बहुधा ४०. कुड्याच्याही धडावर ११ असतात, पण शेपटीवर ३४ ते ३८. अॅब्डोमिनॅलिसच्या धडावर १२ किंवा १३ आणि शेपटीवर ४५ ते ४८ असतात, त्यामुळे तो या गोंधळात येतच नाही. मोजायची रीत साधी आहे: गुदपराची बारीकशी पट्टी जिथे दिसते तिथे धड संपते, तिथून पुढे टाचणीचे टोक एकेका कडीवर टेकवत जायचे आणि दर दहाव्या कडीवर पेन्सिलीची खूण करायची. शेवटच्या सात-आठ कड्या इतक्या बारीक असतात की तिथे दहापट भिंग लागतेच.

पहिल्या प्रात्यक्षिकाला वर्गाचे दोन गट केले. डावीकडे बसलेल्या गटाने ४० कड्या मोजल्या, उजवीकडच्या गटाने ३८. दोन्ही गटांनी पुन्हा मोजले, आकडे तेच आले. मग दोन्ही गटांनी जागा बदलल्या आणि आकडेही बदलले! शेवटी मी स्वतः भिंग घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की शेपटीच्या टोकाकडच्या दोन कड्या उजव्या बाजूला कोरलेल्याच नाहीत. तिथल्या तिथे त्या एकमेकींत मिसळून टाकल्या आहेत. म्हणजे आमचा समुद्रघोडा डावीकडून पाहिला तर केलॉगी आणि उजवीकडून पाहिला तर कुडा होता.

याचा उलगडा मला उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, झाला. तिथे ओतकामासाठी लाकडी पॅटर्न बनवणारे एक जुने कारागीर माझ्या ओळखीचे आहेत. शनिवारी दुपारी प्रतिकृती पिशवीत घालून त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती हातात घेऊन मुकुटापासून पोटापर्यंत मधोमध अंगठ्याचे नख ओढत नेले आणि रंगाखाली लपवलेला सांधा मला दाखवला. “ही दोन अर्धी एका हातची न्हाईत बघा सर,” असे सांगून त्यांनी डाव्या बाजूच्या कड्यांची धार आणि उजव्या बाजूच्या कड्यांचा गुळगुळीतपणा बोटाने जाणवून दिला. साचा दोन भागांत केलेला, प्रत्येक भाग वेगळ्या माणसाने कोरलेला, आणि जोडताना धडाच्या ठळक कड्या जुळवून घेतल्या; शेपटीच्या टोकाकडे कोणी पाहिलेच नाही. एक मिलिमीटरचा फरक काढण्यासाठी दिवसभर लेथवर उभ्या राहणाऱ्या उद्यमनगरात हा माल पहिल्या तपासणीलाच परत गेला असता. पुढच्या आठवड्यात त्यांनी बारीक कानसीने उजव्या बाजूला हरवलेल्या दोन कड्या कोरून दिल्या आणि पैसे विचारले तर चहा सांगितला.

कड्यांचा आकडा बरोबर आला तरी ओळख पुरी होत नाही, ही गोष्ट मला या निमित्ताने मुलांना नीट पटवून देता आली. हिप्पोकॅम्पस ट्रायमॅक्युलेटस ही आपल्या समुद्रातली दुसरी जात; तिच्या शेपटीवर ३८ ते ४३ कड्या असतात, म्हणजे केलॉगीचा आकडा तिच्या आकड्यांत पूर्ण सामावतो. या दोघींमधला निवाडा मुकुट करतो. ट्रायमॅक्युलेटसचा मुकुट जवळजवळ नसल्यासारखा, डोक्यावर पाच बारीक टोके तेवढी दिसतात. गालावरचे आणि डोळ्यावरचे काटे आकड्यासारखे वळलेले असतात. धडाच्या पहिल्या, चौथ्या आणि सातव्या कडीवर असणारे तीन गडद ठिपके ही तिची प्रसिद्ध खूण, नावही त्यावरूनच पडलेले, पण ते दर वेळी दिसतातच असे नाही आणि जुन्या नमुन्यात तर रंगच राहत नाही. केलॉगीचा मुकुट उंच, त्यावर पाच आखूड टोके, मुकुटाच्या पुढे उभी तकटी. गालावरचा काटा लांब, मागे झुकलेला आणि टोकाला बोथट. अंगावरचे उंचवटे बसके व गोल. आणि या ठिकाणी प्रतिकृती करणाऱ्याला मनापासून दाद द्यावी लागते. मुकुटाची पाचही टोके वेगवेगळी मोजता येतात, पुढची तकटी बाजूने पाहिली की बरोबर उठून दिसते, आणि गालाच्या काट्याचे बोथट टोक इतके नेमके साधले आहे की ते करणाऱ्याने निदान एक चांगला नमुना जवळून पाहिलेला असणार. डोक्याचा हा भाग कोरणारा हात आणि शेपटीची उजवी बाजू उरकणारा हात एकच असेल असे मला वाटत नाही.

डोक्याचीच एक उणीव मात्र राहिली आहे, ती तोंडाच्या नळीची. इथे मापापेक्षा गुणोत्तर कामाला येते आणि म्हणूनच प्रतिकृती मोठी केलेली असली तरी ते तपासता येते. डोक्याच्या लांबीला नळीच्या लांबीने भागले की केलॉगीत उत्तर साधारण २.१ येते, २.० ते २.३ या मर्यादेत. आमच्या प्रतिकृतीचे डोके ७४ मिलिमीटर आणि नळी ३० मिलिमीटर, म्हणजे उत्तर जवळपास २.५, हे कुड्याच्या मर्यादेत बसते, केलॉगीच्या नाही. नळी आणखी पाच मिलिमीटर लांब असती तर चेहरा अचूक झाला असता. या नळीत दात नसतात. भक्ष्य जवळ आले की डोके झटक्यात वर जाते आणि पाण्यासकट ते आत ओढले जाते. त्यामुळे नळीची लांबी ही शोभेची बाब नाही, प्राण्याच्या पोटापाण्याशी तिचा थेट संबंध आहे. पोटापाण्याशी म्हणतो खरा, पण समुद्रघोड्याला जठर नसते आणि त्यामुळे त्याला दिवसभर खात राहावे लागते.

पाठीवरचा पर पारदर्शक अॅक्रिलिकच्या पातळ पत्र्यात केला असून त्यात १८ काड्या कोरल्या आहेत, आणि तो धडाच्या दोन व शेपटीच्या दोन कड्यांवर बसवला आहे. दोन्ही गोष्टी पुस्तकाप्रमाणे बरोबर आहेत. हाच पर सेकंदाला तीस-पस्तीस वेळा हलवून समुद्रघोडा उभ्याउभ्या पुढे सरकतो, कारण शेपटीला पर नसतो. छातीवरचे पर मात्र रंगवूनच दाखवले आहेत, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

शेपटीचा काप गोल ठेवला आहे, ही चूक मला कड्यांच्या चुकीहून मोठी वाटते. समुद्रघोड्याच्या धडाला सात कंगोरे असतात आणि शेपटीला चार, म्हणजे शेपटी आडवी कापली तर चौकोन दिसायला हवा. बहुतेक प्राण्यांच्या शेपट्या गोलसर असताना हिची चौकोनी का, हा प्रश्न मुले दरवर्षी विचारतात. २०१५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात त्रिमिती छपाईने चौकोनी आणि गोल अशा दोन्ही प्रकारच्या कृत्रिम शेपट्या बनवून त्या दाबून, पिळून पाहिल्या होत्या. चौकोनी शेपटीतल्या तकट्या दाबाखाली एकमेकींवर सरकतात आणि दाब काढताच पुन्हा जागेवर येतात, म्हणून ती चेंगरत नाही. शिवाय सपाट बाजूंमुळे आधाराला पकडही चांगली बसते, असे त्यात दिसले. समुद्राच्या तळाशी प्रवाळाची फांदी किंवा गवताचे पाते धरून प्रवाहात उभे राहणाऱ्या प्राण्याला या दोन्ही गोष्टी हव्याच असतात. जिवंत प्राण्यावर जे करून पाहता येत नाही ते प्रतिकृतीवर करता येते, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही, आणि नेमके तेच या महागड्या प्रतिकृतीत दाखवता येत नाही.

पोटाखालची पिलांची पिशवी हा या वस्तूचा विक्रीचा मुख्य मुद्दा आहे. शेपटीच्या मुळाशी चुंबकाने बसणारे झाकण असून आत साठ केशरी मणी अंडी म्हणून ठेवले आहेत. चुंबक कमजोर आहे. तिसऱ्या प्रात्यक्षिकाला एका मुलीने प्रतिकृती उचलताच झाकण सुटले आणि साठही अंडी फरशीवर पसरली. प्रयोगशाळेतले मामा आणि निम्मा वर्ग टेबलांखाली रांगत होता. ५३ सापडली. मात्र पिशवीची जागा, तिचे पुढे उघडणारे तोंड आणि आतला जाळीदार पृष्ठभाग चांगला दाखवला आहे. मादी अंडी या पिशवीत सोडते, नर ती आतच फलित करतो, त्यांना प्राणवायू पुरवतो, पिशवीतल्या द्रवाचे क्षार सांभाळतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांनी पूर्ण घडलेली पिले बाहेर टाकतो. मोठ्या जातींत एका वेळी पिले शेकड्यांनी जन्मतात, त्यातली फारच थोडी जगतात. हे सगळे झाकण उघडून हातात दाखवता येते तेव्हा फळ्यावरच्या आकृतीची आठवणही होत नाही.

सोबतच्या लॅमिनेट केलेल्या माहितीपत्रकाबद्दल मात्र तक्रारच आहे. त्यात केलॉगीला जगातला सर्वांत मोठा समुद्रघोडा म्हटले आहे, ‘नर अंडी घालतो’ असे एक वाक्य आहे आणि शरीरावर ‘कठीण खवले’ असल्याचे लिहिले आहे. तिन्ही विधाने चूक आहेत. कड्या कशा मोजायच्या याची आकृती, जी खरी गरजेची होती, ती नाहीच. ही जात अनेकदा २० मीटरपेक्षा खोल पाण्यात राहते, १५० मीटरच्या आसपासपर्यंतही ती मिळालेली आहे आणि त्यामुळे तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात ती इतर मासळीबरोबर सापडते. ही गोष्ट दोन ओळींत देता आली असती. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत ती असुरक्षित गटात आहे, हेही पत्रकात नाही. कोल्हापूरच्या मुलांना ही माहिती दूरची वाटेल असे कोणाला वाटत असेल, तर इथल्या मासळी बाजारात आंबा घाट चढून येणारे मासे त्यांनी एकदा सकाळी बघावेत.

टिकाऊपणाचे म्हणाल तर रेझिन उत्तम, रंग बरा, पाया वाईट. पाया लाकडाचा सांगितला होता, निघाला दाबलेल्या भुशाचा. जुलैच्या झडीत तो फुगला आणि स्टीलची दांडी हलू लागली. दुकानदाराने याबद्दल कुरकुर न करता आठ दिवसांत सागवानी पाया बसवून दिला, तोही मोफत, आणि प्रतिकृती न्यायला व आणून द्यायला माणूस पाठवला. इतकी तत्पर सेवा मला मोठ्या शहरांतल्या पुरवठादारांकडून क्वचितच मिळाली आहे. मात्र दोन बाजूंच्या कड्या जुळत नसल्याचे फोनवर सांगितले तेव्हा पलीकडून क्षणभर शांतता झाली आणि मग उत्तर आले, “सर, एवढं कोण मोजतंय?” मी सांगितले की आमच्या वर्गात अठ्ठावीस जण मोजतात आणि त्यासाठीच ही वस्तू घेतली आहे. त्यांनी तक्रार उत्पादकाकडे कळवतो म्हटले. अद्याप काही कळलेले नाही.

ज्या शाळांना समुद्रघोडा म्हणजे काय एवढेच दाखवायचे आहे, त्यांना ४,२०० रुपये जास्त आहेत. निम्म्या किमतीच्या साध्या प्रतिकृतीवर त्यांचे भागेल. पदवीच्या वर्गात जातींची ओळख शिकवायची असेल तर ही जरूर घ्यावी, कारण मुकुट, गालाचा काटा आणि पाठीवरचा पर इतके नेटके मला दुसरीकडे पाहायला मिळाले नाहीत. पण पैसे देण्याआधी दुकानातच भिंग आणि टाचणी मागून दोन्ही बाजूंच्या कड्या मोजून घ्याव्यात, पायावर नख रोवून पाहावे आणि पिशवीचे झाकण दोनदा उघडून लावावे. मी त्या दिवशी गडबडीत होतो, हे काही केले नाही.

खोक्यावरची ओळ खोडून प्रतिकृतीच्या नव्या पायावर मी स्वतः चिठ्ठी लावली आहे: ‘हिप्पोकॅम्पस केलॉगी, नर, सुमारे १.३ पट, नळी आखूड, शेपटीचा काप चुकीचा.’ पुढच्या वर्षीच्या प्रात्यक्षिकात शेवटची दोन वाक्ये झाकून ठेवणार आहे. बरणीवर ‘हिप्पोकॅम्पस कुडा’ अशी नवी चिठ्ठी गेली. निळ्या शाईची जुनी चिठ्ठी ब्लेडने अलगद सोडवून नोंदवहीत १९७६ च्या नोंदीसमोर चिकटवली आहे.